रणांगण पायीं तुडविणारा इतिहासकार

लढायांच्या इतिहासांत राजे असतात, सेनापति असतात, तोफांची मोजदाद असते आणि शेवटीं जयापजयाचा निकाल असतो. ज्यांच्या हातून तो निकाल लागतो तीं सामान्य माणसें मात्र बहुधा एका आंकड्यांत मावतात. आपल्या बखरींतही सरदारांचीं नांवें ओळीनें येतात. परंतु त्यांच्या मागून चालणाऱ्या शिलेदारानें आदल्या रात्रीं काय खाल्लें, तोफेचा पहिला आवाज कानीं पडतांच त्याच्या पोटांत कसा गोळा उठला आणि तरीही तो पळून न जातां उभा कां राहिला, ह्याची विचारपूस बखरकार सहसा करीत नाहीं. ही उणीव भरून काढावी असें कोणा इतिहासकाराच्या मनांत आलेंच, तर त्याच्यापुढें लागलीच दुसरा प्रश्न उभा राहतो: ज्यानें स्वतः कधीं गोळीबार सोसला नाहीं, त्यानें शिपायाच्या मनाविषयीं लिहावें तें कोणत्या अधिकारानें?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांतील कांहीं लष्करी इतिहासकारांना हा प्रश्न फार टोचूं लागला. त्यांपैकीं प्रोफेसर रिचर्ड होम्स ह्यांनीं त्याचें उत्तर केवळ ग्रंथांतून दिलें नाहीं. जुनीं रणांगणें पायीं तुडवून, घोड्यावर मजल दरमजल करून आणि कॅमेऱ्यापुढें उभें राहून दिलें. इंग्लंडांतील लक्षावधि घरांत लढायांचा इतिहास टेलिव्हिजनच्या पडद्यावरून ज्यांनीं पोंचविला, त्यांत होम्स ह्यांचें स्थान मोठें आहे. परंतु त्यांच्या चरित्राचा खरा रस लोकप्रियतेंत नाहीं. वरील प्रश्नाला ते आयुष्यभर कसे सामोरे गेले आणि तोच प्रश्न शेवटीं त्यांच्या स्वतःच्या दाराशीं कसा येऊन उभा राहिला, ह्यांत तो आहे.

होम्स ह्यांचा जन्म २९ मार्च १९४६ रोजीं झाला. दुसरें महायुद्ध संपून तेव्हां वर्षही लोटलें नव्हतें. त्या पिढीचीं मुलें वाढलीं तीं युद्धावरून परतलेल्या माणसांच्या सहवासांत. घरांत कोठें तरी पेटींत ठेविलेलें पदक असे, भिंतीवर गणवेशांतील छायाचित्र असे आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांत मध्येंच एखादी न उलगडणारी स्तब्धता असे. केंब्रिज येथील इमॅन्युएल कॉलेजांत होम्स ह्यांनीं शिक्षण घेतलें. पुढें अमेरिकेंतील नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठांत आणि मग इंग्लंडांतील रीडिंग विद्यापीठांत अध्ययन करून डॉक्टरची पदवी मिळविली. प्रबंधाचा विषय होता, १८७० च्या पराभवापूर्वींची फ्रेंच सेना. तिसऱ्या नेपोलियनची ती दिमाखदार सेना जर्मनांपुढें सिडान येथें कां कोसळली, ह्याचीं कारणें त्यांनीं रणांगणावर न शोधतां त्याआधींच्या वर्षांतील भरती, शिस्त, शिक्षण आणि अधिकाऱ्यांची मनोवृत्ति ह्यांत शोधिलीं. सेना म्हणजे नकाशावरील ठोकळे नव्हेत, तो माणसांचा एक समाज आहे, ही त्यांची दृष्टि तेथेंच घडली. हा प्रबंध १९८४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला.

विद्यार्थीदशेंतच त्यांनीं आयुष्याला दुसरी एक वाट जोडून घेतली होती. १९६४ सालीं ते इंग्लंडच्या टेरिटोरियल फौजेंत दाखल झाले, आणि तेही साधे शिपाई म्हणून. ही फौज म्हणजे आठवडाभर आपापला उद्योग सांभाळून सुट्टीच्या दिवशीं कवाईत करणाऱ्या नागरिकांची राखीव सेना. १९६६ सालीं त्यांना अधिकारपद मिळालें. पुढें जवळजवळ चौतीस वर्षें अध्यापकाचा झगा आणि सैनिकाचा गणवेश हीं दोन्ही वस्त्रें त्यांनीं आळीपाळीनें अंगावर चढविलीं. १९८६ ते १९८८ ह्या काळांत वेसेक्स रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचें नेतृत्व त्यांच्याकडे होतें. १९९४ सालीं ते ब्रिगेडियर झाले आणि १९९७ सालीं राखीव सेना व कॅडेट ह्यांच्या संचालकपदावर त्यांची नेमणूक झाली. त्या जागीं बसणारे ते पहिलेच राखीव अधिकारी होत.

१९६९ सालीं सॅंडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयांत ते अध्यापक म्हणून रुजू झाले. ब्रिटिश सेनेचे भावी अधिकारी जेथें तयार होतात तें हें विद्यालय. तेथें त्यांचे ज्येष्ठ सहकारी होते जॉन कीगन. कीगन ह्यांना बालपणींच्या आजारानें पायांत अधूपण आलें होतें. सैन्यांत जाणें त्यांना शक्य नव्हतें. ज्यांना उद्यां खरोखरीच लढावें लागणार त्या तरुणांना आपण लढाई शिकवितों, परंतु ती आपण पाहिलेली नाहीं, ही बोचणी त्यांनीं लपविली नाहीं. तिच्यांतूनच १९७६ सालीं ‘द फेस ऑफ बॅटल’ हा त्यांचा विख्यात ग्रंथ निघाला. अजिंकूर, वॉटर्लू आणि सोम ह्या तीन लढाया त्यांनीं सेनापतीच्या टेकडीवरून न पाहतां रांगेंत उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांनीं पाहिल्या. लष्करी इतिहासाच्या लेखनाला त्या ग्रंथानें वळण लाविलें.

होम्स ह्यांनीं तें वळण घेतलें आणि पुढची मजल मारली. १९८५ सालीं त्यांचा ‘फायरिंग लाइन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत कोणत्याही एका लढाईचा वृत्तान्त नाहीं. भरतीच्या पहिल्या दिवसापासून रणांगणावरील शेवटच्या क्षणापर्यंत शिपायाच्या मनाचें काय होतें, हा त्याचा विषय. केस कापून, कपडे बदलून आणि अष्टौप्रहर ओरडून तरुणाला शिपाई कसा बनवितात. वाट पाहणें हें प्रत्यक्ष लढण्याहून कसें कठीण असतें. मद्य, अफवा, देवभक्ति आणि थट्टामस्करी ह्यांचा भयावर काय परिणाम होतो. आणि अखेर माणूस राष्ट्रासाठीं लढतो कीं शेजारच्या सोबत्याच्या नजरेंत उणा ठरूं नये म्हणून लढतो, असे प्रश्न त्यांत आहेत. शेकडों वर्षांतील पत्रें व आठवणी त्यांनीं त्यासाठीं चाळल्या. १९८२ सालीं फॉकलंड बेटांवर लढलेल्या जवानांच्या अनुभवांचाही आधार घेतला.

ह्याच विषयावर पूर्वीं एस. एल. ए. मार्शल ह्या अमेरिकन लेखकानें १९४७ सालीं एक खळबळजनक विधान केलें होतें. लढाईच्या धुमश्चक्रींत चारांपैकीं जेमतेम एक शिपाई बंदूक झाडतो, बाकीचे नुसते पडून राहतात, असें त्याचें म्हणणें. हा आंकडा पुढें पुष्कळ वर्षें ग्रंथाग्रंथांतून फिरला. परंतु मागाहून संशोधकांनीं शोध घेतला तेव्हां मार्शलच्या नोंदींत त्याला पुरेसा आधार आढळला नाहीं. शिपायाच्या मनाचा इतिहास लिहितांना किती जपावें लागतें, ह्याचा हा धडा आहे. मनाचें माप आंकड्यांत पकडण्याचा मोह मोठा, पण पुरावा थोडा. म्हणूनच होम्स ह्यांच्या ग्रंथांत सिद्धान्तांपेक्षां साक्षी अधिक आहेत आणि त्या साक्षी एकमेकींशीं जुळत नसल्या तरी त्यांनीं त्या बळेंच जुळविल्या नाहींत.

साधा शिपाई प्रिय म्हणून सेनापति वर्ज्य, अशीही त्यांची वृत्ति नव्हती. १९८१ सालीं त्यांनीं सर जॉन फ्रेंच ह्यांचें चरित्र लिहिलें. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं फ्रान्समधील ब्रिटिश सेना ह्याच सेनापतीच्या हाताखालीं होती. डिसेंबर १९१५ मध्यें त्यांना बाजूस सारून त्यांच्या जागीं हेग ह्यांना नेमण्यांत आलें. तापट, दिलदार, लवकर भारावणारा आणि लवकर खचणारा असा हा माणूस. होम्स ह्यांनीं त्याच्या चुका झांकल्या नाहींत. परंतु आपल्या शिपायांचें मरण त्याच्या जिव्हारीं लागत असे, हेंही सांगितलें. चरित्रनायकाला देव किंवा दैत्य न करतां माणूस म्हणून उभा करणें, हें चरित्रकाराचें पहिलें कर्तव्य होय. तें त्यांनीं येथें पाळिलें.

परंतु कागद वाचून सगळेंच कळत नाहीं, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसूं देईना. १९१४ च्या ऑगस्टमध्यें बेल्जममधील मॉंस येथून ब्रिटिश सेनेनें माघार घेतली. रणरणत्या उन्हांत, अपुऱ्या झोपेनें, जवळजवळ दोनशें मैल चालत ती मार्न नदीच्या पलीकडे गेली. वाटेंत २६ ऑगस्ट रोजीं ल कातो येथें तिला थांबून लढावें लागलें आणि एका दिवसांत सुमारें पावणेआठ हजार माणसें व अडतीस तोफा गमवाव्या लागल्या. ही सारी सेना माणसांच्या आणि घोड्यांच्या पायांवर चालणारी होती. होम्स स्वतः उत्तम घोडेस्वार. त्यांनीं कांहीं सोबत्यांसह त्याच वाटेनें घोड्यावरून प्रवास केला आणि १९९५ सालीं ‘रायडिंग द रिट्रीट’ हें पुस्तक लिहिलें. दिवसाच्या शेवटीं माणसाच्या आधीं घोड्याला पाणी दाखवावें लागतें, खोगिराची एक घडी चुकली तर दुसऱ्या दिवशीं जनावराची पाठ सोलून निघते, दगडी रस्त्यावर नाल निखळला कीं सारी मजल अडते, ह्या गोष्टी सेनापतीच्या अहवालांत सांपडत नाहींत. पण त्या घडत होत्या म्हणूनच सेना कोठें वेळेवर पोंचली आणि कोठें पोंचली नाहीं. नकाशावरील बोटभर अंतराचा अर्थ त्या प्रवासानें त्यांना उमगला.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९९६ सालीं, ‘वॉर वॉक्स’ ही त्यांची मालिका बी. बी. सी. च्या टेलिव्हिजनवरून दाखविण्यांत आली. अजिंकूर, वॉटर्लू, मॉंस व ल कातो, सोम, १९४० मधील आरास आणि १९४४ मधील नॉर्मंडींतील गुडवुडची चढाई असे तिचे विषय. सारीं रणांगणें उत्तर फ्रान्स व बेल्जम ह्यांच्या पट्ट्यांतील. ह्या पट्ट्याला द गॉल ह्यांनीं दिलेलें ‘घातक वाट’ ह्या अर्थाचें नांव होम्स ह्यांनीं १९९२ मधील आपल्या एका ग्रंथास दिलें होतें. १९९७ सालीं मालिकेचा दुसरा भाग निघाला. त्यांत हेस्टिंग्स, बॉस्वर्थ, नेसबी, बॉइन, डंकर्क आणि लंडनवरील बॉंबहल्ले हे विषय होते.

ह्या अनुबोधपटांची रचना अगदीं साधी होती. भरदार मिशांचा, मोकळ्या आवाजाचा एक गृहस्थ शेताच्या बांधावरून चालत येतो, थांबतो आणि सांगूं लागतो. अजिंकूरचें शेत दोन रानांच्या मध्यें कसें चिंचोळें होत जातें, १४१५ च्या ऑक्टोबरांत पावसानें भिजलेल्या नांगरटींत चिलखती फ्रेंच वीरांचे पाय कसे रुतले असतील, हें तो त्याच मातींत उभा राहून दाखवितो. वॉटर्लू येथील उंचवटा दिसावयास किरकोळ. परंतु वेलिंग्टननें आपलीं बहुतेक माणसें त्याच्या पाठीमागच्या उतारावर ठेविलीं, म्हणून फ्रेंच तोफांचा मारा पुष्कळसा वायां गेला, हें त्या उंचवट्यावरून चालत पलीकडे उतरलें म्हणजे शब्दांवांचूनही पटतें. जमीन हाही एक दस्तऐवज आहे, आणि तो पायांनीं वाचावा लागतो, ही गोष्ट होम्स ह्यांनीं घरबसल्या प्रेक्षकांना शिकविली.

अर्थात् दस्तऐवज म्हटला कीं त्यांत खाडाखोडही आली. वॉटर्लूच्या मैदानावर आज सिंहाच्या पुतळ्याचा जो मोठा ढिगारा दिसतो तो लढाईनंतर कांहीं वर्षांनीं रचलेला आहे. त्यासाठीं माती खणून घेतली ती त्याच उंचवट्याची. म्हणजे स्मारक उभारतांना लढाईची मूळ जमीनच खरवडली गेली! बॉस्वर्थची कथा तर ह्याहून बोधप्रद आहे. १४८५ सालीं तिसरा रिचर्ड जेथें पडला तें ठिकाण म्हणून पुष्कळ वर्षें एक टेकडी दाखविण्यांत येई. होम्स ह्यांच्या मालिकेनंतर सुमारें बारा वर्षांनीं शास्त्रीय पाहणींत तोफांचे गोळे आणि राजाचें वराहचिन्ह असलेला रुपेरी बिल्ला सांपडला, तो त्या टेकडीपासून दोनएक मैलांवरील सखल शेतांत. तात्पर्य, पायांची साक्ष घ्यावी, पण ती कागदाच्या आणि कुदळीच्या साक्षीशीं ताडून पाहावी. एकाच साक्षीदारावर खटला चालवूं नये.

टेलिव्हिजनवर इतिहास सांगणाऱ्याला विद्यापीठांतील मंडळी जरा तिरक्या नजरेनें पाहतात. पन्नास मिनिटांत लढाई बसवावयाची म्हटली कीं ‘कदाचित्’, ‘बहुधा’, ‘ह्याविषयीं मतभेद आहेत’ ह्या शब्दांना प्रथम कात्री लागते. चित्र तर नेहमींच निश्चित बोलतें. चित्राला शंका दाखवितां येत नाहीं. हा आक्षेप खोटा नाहीं. होम्स ह्यांनीं त्यावर काढलेला तोड असा कीं, पडद्यावर ज्याला जागा मिळाली नाहीं त्याला ग्रंथांत द्यावी. १९८९ पासून ते क्रॅनफील्ड विद्यापीठांत काम करीत होते आणि १९९५ सालीं तेथें प्राध्यापक झाले. शिकविणें, ग्रंथलेखन आणि चित्रीकरण हीं तिन्ही कामें ते बरोबरीनें चालवीत. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या लष्करी इतिहासकोशाचें संपादनही त्यांनींच केलें.

त्यांच्या विद्वत्तेची खरी कसोटी लागली ती पहिल्या महायुद्धाच्या बाबतींत. १९९९ सालीं त्यांनीं पश्चिम आघाडीवर एक मालिका केली आणि २००४ सालीं ‘टॉमी’ हा मोठा ग्रंथ लिहिला. टॉमी म्हणजे साधा इंग्रज शिपाई. हें युद्ध इंग्रजी मनांत चिखल, काटेरी तारा, मूर्ख सेनापति आणि फुकट गेलेली पिढी ह्या चार रंगांत कायमचें रंगलेलें आहे. १ जुलै १९१६ ह्या एकाच दिवशीं सोमच्या आघाडीवर ब्रिटिश सेनेचीं ५७,४७० माणसें जायबंदी, बेपत्ता वा ठार झालीं आणि त्यांत मृत १९,२४० होते, हें ध्यानीं घेतलें म्हणजे ते रंग कोठून आले तें कळतें. परंतु होम्स ह्यांनीं एक अडचणीचा प्रश्न विचारला. हें चित्र आपणांस मिळालें कोणाकडून? पुष्कळसें कवींकडून, कादंबरीकारांकडून, नाटकांतून आणि म्हातारपणीं सांगितलेल्या आठवणींतून. कवि खोटें बोलत नव्हते. परंतु ते थोडे होते, आणि वेगळे होते. सेनेंत दाखल झालेलीं माणसें पन्नास लाखांहून अधिक होतीं.

म्हणून ‘टॉमी’ लिहितांना त्यांनीं त्या त्या दिवशीं लिहिलेल्या पत्रांवर व रोजनिशांवर अधिक भर दिला. मागाहून लिहिलेली आठवण त्याज्य नव्हे. पण पुढें जग काय म्हणूं लागलें त्याचा रंग तिला नकळत चढतो. घटनेच्या जितकें जवळ जावें तितका माणूस वेगळा दिसूं लागतो. तो उवा मारतो, चहाला नांवें ठेवितो, घरच्या पार्सलाची वाट पाहतो, चेंडू खेळतो, भितो, रडतो आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां पहाऱ्यावर उभा राहतो. तो सदासर्वकाळ पुढच्या खंदकांतही नसे. पुढची रांग, मागची रांग, राखीव जागा आणि विश्रांतीचें गांव असा त्याचा फेरा चाले. ह्या वर्णनानें युद्धाचें भीषणपण कमी होत नाहीं. उलट, मेलेल्या माणसाला आधीं जिवंत पाहिल्यामुळें त्याच्या मरणाची किंमत वाढते. इतिहासकारानें मृतांसाठीं करावयाचें काम हेंच: त्यांना करुणेचे पुतळे न करतां माणसें म्हणून परत आणणें.

२००५ सालीं त्यांनीं ‘साहिब’ हा ग्रंथ लिहून आपली दृष्टि हिंदुस्थानाकडे वळविली. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १९१४ पर्यंत येथें आलेल्या गोऱ्या शिपायाचें जीवन हा त्याचा विषय. समुद्रप्रवास, छावणींतील कंटाळा, दारू, पटकी आणि हिंवताप ह्यांचीं वर्णनें वाचतांना पुणें, खडकी, अहमदनगर येथील जुनीं ख्रिस्ती स्मशानें डोळ्यांपुढें उभीं राहतात. येथें आलेल्या गोऱ्यांना तलवारीपेक्षां तापानेंच अधिक संख्येनें गांठलें. ग्रंथ मनोरंजक आहे. परंतु मराठी वाचकानें त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. गोऱ्या शिपायाच्या बरोबरीनें, आणि त्याच्या समोरही, जीं काळीं माणसें लढलीं त्यांचीं पत्रें नाहींत, रोजनिशा नाहींत. म्हणून त्यांचा आवाज त्यांत मंद आहे.

ह्याचें ठळक उदाहरण आपल्याच मुलखांतलें आहे. २००२ सालीं होम्स ह्यांनीं ड्यूक ऑफ वेलिंग्टनवर एक मालिका केली व ग्रंथही लिहिला. वेलिंग्टनची घडण समजण्यासाठीं असईकडे पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आजच्या जालना जिल्ह्यांतील असई ह्या गांवाजवळ शिंदे व नागपूरकर भोसले ह्यांच्या फौजेशीं त्याची गांठ पडली. तेव्हां तो केवळ जनरल वेलस्ली होता आणि हाताशीं माणसें सुमारें सात हजार. नदीला उतार नाहीं असें वाटाड्यांनीं सांगितलें. परंतु दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गांवें त्याच्या दृष्टीस पडलीं. गांवें समोरासमोर वसतात तीं मध्यें उतार असतो म्हणूनच, असा तर्क करून तो पुढें सरला आणि तर्क खरा ठरला. जमीन वाचण्याची विद्या ती हीच. त्या दिवशीं त्याचे पंधराशेंहून अधिक लोक पडले वा जखमी झाले. पुढें वॉटर्लू जिंकल्यावरही, आपली सर्वांत उत्तम लढाई कोणती ह्या प्रश्नाला त्यानें असईचेंच नांव घेतलें.

त्या लढाईंत मराठ्यांचे गोलंदाज तोफांपाशीं मेल्यासारखे पडून राहिले आणि गोऱ्यांची रांग पुढें निघून जातांच उठून त्यांनीं पाठीमागून पुन्हां तोफा डागल्या. तोफ सोडून पळावयाचें नाहीं एवढा एकच निश्चय त्यांनीं धरिला होता. शत्रूनेंही त्यांची वाखाणणी केली. परंतु त्यांपैकीं एकाचें तरी नांव आज आपणांस सांगतां येईल काय? वेलस्लीच्या ठार झालेल्या घोड्याची नोंद आहे. त्या गोलंदाजांची नाहीं. होम्स ह्यांनीं इंग्लंडच्या शिपायासाठीं जें केलें तें आपल्या शिपायासाठीं करावयाचें अद्याप बरेंच बाकी आहे, ही जाणीव त्यांचे ग्रंथ वाचतांना वारंवार होते आणि मन कष्टी होतें.

हिंदुस्थानाचा आणखी एक धागा होम्स ह्यांच्या आयुष्यांत शिरला होता. १९९९ सालीं ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ ह्या नांवाच्या रेजिमेंटचे ते मानद कर्नल झाले. ह्या रेजिमेंटचें बोधचिन्ह वाघ. तिच्या एका पूर्वज पलटणीनें हिंदुस्थानांत एकवीस वर्षें काढिलीं. त्याबद्दल १८२६ सालीं तिला हें चिन्ह बहाल झालें आणि वारशानें तें आजच्या जवानांच्या बाहूवर आलें. मानद कर्नलानें हुकूम सोडावयाचे नसतात. त्यानें रेजिमेंटचा वडीलधारा म्हणून वागावयाचें, तिचा लौकिक सांभाळावयाचा, सुखदुःखांत तिच्या माणसांच्या पाठीशीं राहावयाचें.

२००४ च्या एप्रिलांत ह्या रेजिमेंटची पहिली पलटण इराकमधील अल अमारा शहरीं गेली. काम शांतिरक्षणाचें म्हणून सांगितलें होतें. परंतु थोड्याच दिवसांत रस्त्यांतून रोजच्या चकमकी सुरू झाल्या आणि ऑगस्टमध्यें तर शहरांतील एका ठाण्यांत तिच्या एका तुकडीला कित्येक दिवस वेढ्यांत राहून लढावें लागलें. ह्याच मोहिमेंतील दोन प्रसंगांबद्दल जॉन्सन बिहारी ह्या ग्रेनाडा बेटावर जन्मलेल्या शिपायाला २००५ सालीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

येथें होम्स ह्यांचा जुना प्रश्न उलटून त्यांच्यावरच आला. इतके दिवस ते ज्यांच्याविषयीं लिहीत होते ते शिपाई कागदांतून भेटत. आतां ज्यांचे चेहरे ओळखीचे, ज्यांच्या आईबापांशीं बोलणें झालेलें, तींच माणसें ‘फायरिंग लाइन’मध्यें उभीं होतीं. भय, सोबत्यांवरील माया, हात थरथरणें, मारल्यानंतर मनावर येणारें ओझें ह्यांविषयीं वीस वर्षांपूर्वीं लिहिलेलें प्रत्येक प्रकरण जणूं पुन्हां तपासण्यासाठीं समोर आलें. २००६ सालीं त्यांनीं ‘डस्टी वॉरियर्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं स्वतःचें बोलणें आंवरतें घेऊन पलटणींतील जवानांना व अधिकाऱ्यांना बोलूं दिलें.

ह्या ग्रंथावर पक्षपाताचा आरोप सहज करितां येईल, आणि तो सर्वस्वीं निराधार म्हणतां येणार नाहीं. आपल्याच रेजिमेंटचा इतिहास लिहिणारा माणूस कुटुंबाचा इतिहास लिहिणाऱ्या मुलासारखा असतो. त्याला पुष्कळ ठाऊक असतें आणि पुष्कळ लिहवत नाहीं. इराकवर स्वारी करावी कीं नाहीं हा वाद त्या वेळीं इंग्लंडांत पेटलेला होता. त्याचा निर्णय ह्या ग्रंथांत नाहीं. शहरांतील इराकी नागरिकांची बाजूही त्यांत दुरूनच दिसते. परंतु आपण कोठें उभे आहों हें होम्स ह्यांनीं लपविलें नाहीं. तटस्थतेचें सोंग आणण्यापेक्षां आपलें नातें उघड सांगून वाचकाला सावध करणें हेंही प्रामाणिकपणाचें एक रूप आहे. शिवाय हे जवान म्हातारे होऊन त्यांच्या आठवणींना जगाचा रंग चढण्यापूर्वींच त्यांची साक्ष नोंदवून ठेविली गेली. ‘टॉमी’च्या वेळीं ज्या प्रकारचा पुरावा त्यांना मोलाचा वाटला, तसाच पुरावा पुढच्या इतिहासकारासाठीं त्यांनीं ह्या वेळीं स्वतः तयार करून ठेविला.

२००७ सालीं मानद कर्नलपद त्यांनीं सोडलें. २००८ सालीं मार्लबरोचें चरित्र प्रसिद्ध झालें. त्यानंतर ब्रिटिश शिपायाचा तीन शतकांहून अधिक काळाचा सामाजिक इतिहास त्यांनीं हातीं घेतला. रोगानें शरीर पोखरीत असतांही लेखणी थांबली नाहीं. ३० एप्रिल २०११ रोजीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, कर्करोगानें त्यांचें निधन झालें. ‘सोल्जर्स’ हा तो शेवटचा ग्रंथ त्याच वर्षीं त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर पडला. मिळालेल्या मानसन्मानांत इंग्लंडच्या राजसत्तेनें दिलेला सी. बी. ई. हा किताबही होता.

होम्स ह्यांनीं प्रत्यक्ष युद्ध कधीं लढलें नाहीं.  मग शिपायाच्या मनाविषयीं लिहिण्याचा अधिकार त्यांना मिळाला कोठून? तो त्यांना कोणीं दिला नाहीं. तो त्यांनीं हळूहळू कमाविला. ज्या वाटेनें शिपाई चालला त्या वाटेनें ते चालले. त्यानें लिहिलेलें पत्र त्यांनीं त्याच्या सेनापतीच्या अहवालाइतक्याच आदरानें वाचलें. आपल्याला न कळलेली गोष्ट त्यांनीं कळल्याचें भासविलें नाहीं. आणि स्वतःचीं माणसें लढावयास गेलीं तेव्हां मान वळविली नाहीं. अनुभवाची जागा दुसऱ्या कशानेंही पूर्णपणें भरून निघत नाहीं हें खरें. परंतु ज्यांनीं अनुभव घेतला ते बहुधा बोलत नाहींत, आणि पुष्कळसे बोलण्यासाठीं परत येतच नाहींत. त्यांच्या वतीनें कोणीं तरी बोललें पाहिजे. असईच्या शिवारांत आज पिकें डोलतात. त्या मातींत निजलेल्या गोलंदाजांची वाट पायीं तुडविणारा इतिहासकार यावयाचा आहे.